पायाला येतं ते तोंडाला यायला वेळ लागतो: फुटबॉल खेळाडूचा कोच होताना

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 29, जागा स्टॉपर बॅक, म्हणजे गोलपुढचा मधला बचावपटू. पेठेच्या संघाकडून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळलास, मग मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून पाच वर्षं करारावर. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट दोनदा गेलं आणि डॉक्टरांनी आता स्पर्धेचं फुटबॉल बंद म्हणून सांगितलं. विचारलंयस चार गोष्टी: चांगला खेळलेला माणूस चांगला कोच होतोच का, आधी लायसन्स करावं की आधी काम धरावं, यावर घर चालतं का, आणि गुडघा असा असताना पोरं ऐकतील का. वयाने तू माझ्या थोरल्या मुलाएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. मीही स्टॉपरच होतो, मीही गुडघ्यावरच थांबलो. गेली 22 वर्षं गळ्यात शिट्टी आहे, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिल्याचं उत्तर: नाही, आपोआप होत नाही. खेळलेल्या माणसाजवळ खूप काही असतं, पण ते पायात असतं. तोंडात आणायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची तयारी नसलेली मोठमोठ्या नावाची माणसं मी दोन-तीन वर्षांत मैदान सोडून गेलेली पाहिली आहेत.

माझ्या पहिल्या महिन्यातलं सांगतो. शाळेचं मैदान, सकाळी साडेसहा, बारा-तेरा वर्षांची पोरं. मिडफिल्डला एक काटक मुलगा होता, पायात छान बॉल असायचा. पण बॉल त्याच्याकडे आला रे आला की पाठीमागून कुणीतरी काढून घ्यायचं. मी बाहेरून ओरडायचो, "डोकं वर! डोकं वर ठेव!" त्याने बिचाऱ्याने डोकं वर केलं आणि बॉल पायाखालून निघून गेला. पोरं हसली. सराव संपल्यावर तो बूट हातात घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वर म्हणजे कुठं बघायचं? आणि कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. जी गोष्ट मी पंधरा वर्षं दर मॅचला शंभर वेळा केली होती, ती कधी करतो आणि कशी करतो हे मला सांगता येईना. त्या रात्री गच्चीवर जाऊन मी बॉल भिंतीवर मारत बसलो आणि स्वतःलाच बघत राहिलो. तासाभराने तीन गोष्टी हाती लागल्या. एक, मी बॉल माझ्याकडे निघाल्यावर आजूबाजूला बघतच नव्हतो. तो दोन दुसऱ्या खेळाडूंच्या मधे असतानाच मान वळवून घेत होतो, कारण त्या अर्ध्या सेकंदात बॉलवर नजर ठेवायची गरज नसते. दोन, मी पासवाल्याच्या समोर छाती करून उभा राहत नव्हतो, तिरका उभा राहत होतो, दरवाजा अर्धा उघडा ठेवावा तसा. तीन, बॉल जवळच्या पायाने न घेता लांबच्या पायाने घेत होतो, म्हणजे पहिल्या स्पर्शातच तोंड पुढे व्हायचं.

दुसऱ्या दिवशी तिघांना उभं केलं. एक पास देणार, मधला घेणार, तिसरा मधल्याच्या पाठीमागे दहा पावलांवर उभा राहून हाताची बोटं दाखवणार. बॉलला पाय लागायच्या आत मधल्याने किती बोटं ते ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या मुलाची मान आपोआप वळायला लागली. दोन आठवड्यांनी मॅचमध्ये त्याने मागून धावून आलेल्याला न बघता चुकवलं, म्हणजे बघणाऱ्यांना वाटलं न बघता. मला ठाऊक होतं की त्याने आधीच बघून घेतलंय.

हे इतकं लांबवून सांगतोय कारण कोचिंगचं काम दिवसभर हेच असतं. आपल्याला आपोआप येणारी गोष्ट सुटी करायची, तिचे तुकडे पाडायचे, आणि समोरच्याला एका वेळी एकच तुकडा द्यायचा. तू ज्यात सर्वांत पक्का आहेस तेच शिकवणं तुला सर्वांत जड जाईल. हेडर कधी मारायचा, कधी थांबायचं, फॉरवर्डला कुठल्या बाजूला ढकलायचं, हे तुला विचार न करता येतं. जे तू धडपडून शिकलास, समजा डाव्या पायाचा लांब पास, ते तू पहिल्या दिवसापासून चांगलं शिकवशील, कारण त्याच्या पायऱ्या तुला अजून आठवतात.

आणि आपली जागा ही एक खिडकी असते. स्टॉपरला सगळा खेळ समोर दिसतो, हा मोठा फायदा. पण गोलकडे पाठ करून, मागून धक्के खात बॉल धरून ठेवायचं काम आपण जन्मात केलेलं नसतं. विंगवर टचलाईनच्या कडेला अर्धी मॅच उपाशी उभं राहून एका बॉलची वाट बघणं म्हणजे काय, हेही आपल्याला ठाऊक नसतं. मी पहिली दोन वर्षं माझ्या जुन्या टीममधल्या एका स्ट्रायकरला दर रविवारी चहाला बोलवायचो आणि नुसते प्रश्न विचारायचो. तुला स्टॉपरची भीती कधी वाटायची? पास पायात हवा की मोकळ्या जागेत, हे मिडफिल्डरला कसं सांगायचास? त्याने सांगितलं की तो बोलायचाच नाही, ज्या बाजूला बॉल हवा त्या बाजूचा हात कमरेजवळ उघडा ठेवायचा. मी त्याच्याबरोबर सहा वर्षं खेळलो होतो आणि तो हात मला कधी दिसला नव्हता.

दुसऱ्याच्या जागेवरून बघणं म्हणजे काय, याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. 1951 आणि 1962 अशी दोन आशियाई सुवर्णपदकं त्यांच्या हाताखाली आली, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. 1962 ला जकार्तात जर्नैल सिंग हा आपला स्टॉपर डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता. रहीम साहेबांनी त्याला पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल मारला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही मारला. तो सामना आपण 2-1 असा जिंकला. स्टॉपरमध्ये फॉरवर्ड दिसायला त्या खेळाडूकडे वर्षानुवर्षं बघावं लागतं. स्वतः आजारी असलेला तो माणूस पुढच्या जूनमध्ये कर्करोगाने गेला. मी जेव्हा एखाद्या पोराला त्याच्या जागेवरून हलवतो, तेव्हा दर वेळी मला जर्नैल आठवतो.

आता तू ज्याचं नाव स्वतःच काढलंस, त्या खालिद जमीलबद्दल. तू लिहिलंयस, "खालिद सर खेळले आणि थेट इंडियाचे कोच झाले." यातला "थेट" हा शब्द काढून टाक. त्यांचा रस्ता जितका नीट बघशील तितकं तुला पुढचं कळेल, कारण त्यातला बराचसा रस्ता आपल्या मुंबईतूनच जातो.

खालिद यांचा जन्म 1977 चा, कुवेतचा. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं. मुंबईत महिंद्रा, मग एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्रा युनायटेड असं खेळले, मिडफिल्डला. भारताकडूनही खेळले. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांकडून बोलावणं होतं, पण त्या वेळी त्यांच्या जर्सीवर दारूच्या कंपन्यांची नावं असायची, म्हणून ते गेले नाहीत. महिंद्राने 2005-06 ला नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, त्या संघाचे कोच गोव्याचे डेरिक परेरा, म्हणजे तेही साळगावकरकडून आणि भारताकडून खेळलेले बचावपटू. खालिद त्या क्लबात होते. पण दुखापतींनी त्यांची मधली बरीच वर्षं खाल्ली. 2007 ला मुंबई एफसी निघाला, तिथे ते खेळाडू म्हणून गेले आणि 2009 ला तिथेच बूट उतरवून कोच झाले. तेव्हा ते 32 वर्षांचे होते. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे, इतकंच.

पुढची सात वर्षं फारसं कुणी बघत नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटतात. मुंबई एफसी हा कमी पैशाचा क्लब. चांगला खेळाडू तयार झाला की श्रीमंत क्लब उचलून न्यायचा. मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्यांच्या मॅच बघायला मी कितीदा तरी गेलो आहे. मागे गर्दी, पुढे लांब बॉल, सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर-फ्री किकवर, सगळा भर. लोक नावं ठेवायचे, बघवत नाही म्हणायचे. माझ्या शेजारी बसलेले जुने खेळाडूसुद्धा नाक मुरडायचे. पण दर वर्षी तो क्लब आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या वरच्या लीगमध्ये, टिकून राहायचा. हातात जे आहे त्यातून पॉइंट कसा काढायचा, हे त्या माणसाने सात वर्षं गिरवलं. 2016 ला त्यांना तिथून जावं लागलं आणि पुढच्याच मोसमात, 2016-17 ला, मुंबई एफसी तळाला जाऊन लीगच्या बाहेर गेला.

त्याच मोसमात खालिद मिझोराममध्ये ऐझॉलला होते. ऐझॉल एफसी आदल्या वर्षी खाली घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून ऐझॉलला जागा परत मिळाली होती. खालिद यांनी तिथल्या चपळ मिझो पोरांमध्ये मुंबईहून ओळखीची माणसं नेऊन बसवली: जयेश राणे, आशुतोष मेहता. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मध्यावर सीरियाचा महमूद अल अमना, पुढे कामो बायी, मागे-मध्ये लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान. मोठ्या बाजारात कुणी फार पैसे मोजले नसते अशी ही नावं. पण कोण कुणाच्या शेजारी उभा राहिला तर दोघेही वाढतात, याचा हिशेब त्या संघात होता. एप्रिलमध्ये ऐझॉलमध्ये मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँग लाजोंगविरुद्ध एक पॉइंट हवा होता. आधी गोल खाल्ला, मग विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, 1-1. ऐझॉलचे 37 पॉइंट, मोहन बागानचे 36. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची लीग जिंकायची ती पहिली वेळ. मी तेव्हा घरी टीव्हीसमोर होतो, शेवटच्या शिट्टीनंतर डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्या पॉइंटात कूपरेजवरची ती सात वर्षं होती.

आणि त्यानंतरही जिना सरळ नव्हता. ईस्ट बंगालला गेले, तिथे लीगमध्ये चौथे. मग मोहन बागान, थोडाच काळ. मग इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, नॉर्थईस्ट युनायटेडला गेले ते सहायक म्हणून. देशाची लीग जिंकलेला माणूस परदेशी कोचच्या शेजारी कोन उचलायला उभा राहिला, हे तू नीट लक्षात घे. 2021 च्या फेब्रुवारीत परदेशी कोचला काढलं तेव्हा मोसम सांभाळायला म्हणून संघ खालिद यांच्याकडे आला, आणि त्यांनी न हरता तो प्लेऑफपर्यंत नेला. त्यानंतर त्यांना कायमचं पद मिळालं. आयएसएल क्लबाचा कायमस्वरूपी मुख्य कोच झालेला पहिला भारतीय. पुढे जमशेदपूरला 2024-25 मध्ये लीगची उपांत्य फेरी आणि सुपर कपची फायनल, आणि 1 ऑगस्ट 2025 ला भारताचं पद. 2012 ला सावियो मेडेरा यांच्यानंतर इतक्या वर्षांनी त्या खुर्चीत पक्का म्हणून भारतीय माणूस बसला.

तिथल्या पहिल्या चार महिन्यांत कोचाची सगळी जिंदगी दिसते. ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तानला त्यांच्या घरात 2-1 हरवलं, त्यात उवैसच्या लांब थ्रोचा हात होता. हा तोच उवैस, जो जमशेदपूरला खालिद यांच्याच हाताखाली होता. मग आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई महासंघाच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. लोक खांद्यावर घेऊन नाचले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी तिथे 1-1, आणि पाच दिवसांनी मडगावला फातोर्ड्यावर 1-2 हार. आशिया चषकाची वाट बंद. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून 0-1. तीच माणसं आता बोटं मोडायला लागली. खेळाडू असताना हरलेल्या मॅचचा अकरावा भाग तुझ्या डोक्यावर असतो. कोच झालास की सगळीच्या सगळी तुझी. रात्री झोप येत नाही, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवतो. त्यावर माझ्याजवळ एकच उपाय आहे: मॅचबद्दल घरात त्या दिवशी बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसायचं.

आता लायसन्स आणि काम. दोन्ही एकत्र धर. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स हे तुझ्यासाठी दार आहे. आपल्याकडे ते कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, यांच्यामार्फत लागतात. डी काही दिवसांचं असतं. तिथे तुला कळेल की सराव घेणं म्हणजे खेळाडूंना घाम काढायला लावणं नव्हे. त्यानंतर आशियाई महासंघाच्या चौकटीतले सी, बी, ए आणि शेवटी प्रो. देशाच्या वरच्या लीगमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो लागतं. गोलकीपर कोचांची वेगळी वाट असते. सरकारी नोकरीवर डोळा असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या डिप्लोमाचाही विचार कर, क्रीडा विभागाच्या जाहिरातींत तो बऱ्याचदा मागतात.

पण लागोपाठ कोर्स करत सुटू नकोस. एक कोर्स झाला की निदान वर्षभर एकाच टीमबरोबर रोज उभा राहा, मग पुढचा. मी एका वर्षात दोन कोर्स करून आलेली पोरं पाहिली आहेत. फळ्यावर बाण सुंदर काढतात आणि मैदानात पंधरा मुलांना दोन ओळींत उभं करायला दहा मिनिटं घालवतात. कोर्समधला इन्स्ट्रक्टर तुला विचारेल, तुझ्या टीममध्ये हे कसं करशील? टीमच नसेल तर उत्तर हवेतच जाणार.

टीम कुठली धरायची? लहान पोरांची. इथे तुझ्यासारख्या खेळलेल्यांचा अहंकार आडवा येतो, सीनियर टीमच हवी असते. अरे, पेठेच्या सीनियर टीममध्ये तुझे निम्मे मित्र खेळतात. परवापर्यंत ज्यांच्याबरोबर मिसळ खाल्लीस, त्यातल्या एकाला रविवारी बाहेर बसवायचं आहे, आणि सोमवारी तालमीच्या दारात तोच बसलेला असणार. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ मॅच असली की काय वातावरण असतं ते मी तुला सांगायला नको. त्या गर्दीसमोर पहिल्याच वर्षी उभं राहिलास तर तू फक्त न हरण्याचा विचार करशील, आणि शिकणं तिथेच थांबेल. मी ती चूक केली. दुसऱ्याच वर्षी एका सीनियर संघाचं काम घेतलं, एका जुन्या दोस्ताला महत्त्वाच्या मॅचला बसवलं, आणि त्याला आधी बाजूला घेऊन सांगायचं धाडस केलं नाही. त्याला यादी वाचताना कळलं. तो पुढची चार वर्षं माझ्याशी बोलला नाही, आणि त्यात चूक माझीच होती. तेव्हापासून नियम केला: बसवायचं असेल तर आदल्या संध्याकाळी, समोरासमोर, दोन वाक्यांत, कारणासकट. माफी मागत नाही, आणि खोटी आशाही दाखवत नाही.

दहा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर तू शिकशील ते कुठे शिकणार नाहीस. ती तुझ्या नावाला भुलत नाहीत. कंटाळली की माती उकरायला लागतात. ती माती उकरायला लागली की समजायचं, रांग लांब झाली आणि बॉल कमी पडले. त्या वयात सात-सात जणांचे छोटे सामने, लहान मैदान, भरपूर स्पर्श. अकरा-अकराचं मोठं मैदान त्यांना देऊ नकोस, विंगवरचं पोरगं थंडीत उभं राहून घरी जातं. गोल किती झाले यावर पालक भांडतील, त्यांना दोरीच्या पलीकडे बसव आणि मोसमाच्या सुरुवातीलाच चहा देऊन नियम सांग. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला. त्यामागे कुठल्या तरी मैदानावर भल्या सकाळी उभ्या राहिलेल्या माणसांची वर्षं आहेत. त्यांची नावं पेपरात येत नाहीत.

घर चालतं का? सुरुवातीला नुसत्या कोचिंगवर नाही चालत. हे तोंडावर सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण या एका गोष्टीवर कोणी खरं बोलत नाही. आपल्याकडे बहुतेकांचं असं असतं: सकाळी शाळा, संध्याकाळी टर्फवरची अकादमी, मधे एखादी नोकरी. कंपनीची नोकरी अजून हातात असेल तर गुडघ्याच्या नाराजीत ती सोडू नकोस, बदली मागून घे पण धरून ठेव. अकादमीवाल्यांशी काम धरताना महिन्याचं बोलणं कागदावर करून घे. पावसाळ्यातल्या बंद महिन्यांचे पैसे मिळणार की नाही, हेही आधीच विचार. माझे एका ठिकाणी दोन मोसमांचे पैसे बुडाले आहेत, तोंडी शब्दावर विसंबलो म्हणून. आणि घरात बायकोला बरोबर घेऊन बस. रविवार, सण, सुट्ट्या, सगळं मॅचमध्ये जाणार आहे. तिने हो म्हटल्याशिवाय हे काम होत नाही.

वहीचं मघाशी म्हणालो. शंभर पानी साधी वही घे. दर सरावानंतर तीन ओळी: काय करायचं ठरवलं होतं, काय झालं, कुठल्या पोराशी आज मी एकदाही बोललो नाही. ती तिसरी ओळ सोडू नकोस. पहिल्या वर्षी माझ्या वहीत एकाच मुलाचं नाव सलग नऊ दिवस आलं होतं. शांत, मध्यम खेळणारा, कधी तक्रार नाही. दहाव्या दिवशी मी त्याच्याशी बोलायला गेलो तर कळलं की पुढच्या आठवड्यापासून तो येणार नाही, क्रिकेटला नाव घातलंय. दुसऱ्याची मॅच बघायला गेलास तर बॉल बघू नकोस. पंधरा मिनिटं फक्त एका टीमचे दोन स्टॉपर बघ, पुढची पंधरा फक्त त्यांच्या पुढचा होल्डिंग मिडफिल्डर. डोळे बॉलकडे धावतील, त्यांना परत ओढायची सवय लागायला महिने जातात. खेळाडूची नजर बॉलवर बांधलेली असते, ती गाठ सोडवायला मला वर्ष लागलं.

राहिला गुडघा. तू लिहिलंयस, "करून दाखवता येणार नाही, मग मला कोण मानणार?" माझा उजवा गुडघा आजही पूर्ण दुमडत नाही, जमिनीवर मांडी घालून जेवता येत नाही. सुरुवातीची काही वर्षं मी पेनकिलर खाऊन व्हॉली मारून दाखवायचो, पोरं टाळ्या वाजवायची, आणि कुणालाच व्हॉली यायची नाही. टाळ्या मला मिळायच्या, त्यांना काय मिळायचं?

मग एकदा सूज इतकी चढली की उभं राहणं मुश्किल झालं. मी खुर्ची मागवली, मैदानाच्या कडेला बसलो. त्या दिवशी तिरकं उभं राहून लांबच्या पायाने बॉल घेणं शिकवायचं होतं, नवी बॅच आली होती. मी त्या बोटांवाल्या मुलाला बोलावलं, तो तोवर सतरा वर्षांचा झाला होता. म्हटलं, तू दाखव. त्याने एकदा करून दाखवलं. एका लहानग्याने विचारलं, "दादा, बघायचं कधी?" तो गुडघ्यावर बसला, बॉल दोन पोरांच्या मधे ठेवला आणि म्हणाला, "बॉल हितं असतो ना, तुझ्याकडं निघालेला नसतो, तवाच मान वळवायची. एकदा निघाला की मग फक्त त्याच्याकडं." मी चार-पाच वर्षांपूर्वी गच्चीवर शोधलेलं वाक्य तो माझ्यापेक्षा सोपं करून सांगत होता. त्या दिवसापासून मी करून दाखवणं बंद केलं, खुर्चीचीही मग गरज राहिली नाही. दर सरावाला एक मुलगा किंवा मुलगी दाखवणार आणि बाकीच्यांना समजावणार. पाळी सगळ्यांची येते, ज्याला कमी येतं त्याचीही.

डी लायसन्सचा कोर्स कधी लागतो ते विफाकडे विचारून ठेव. तोवर इथल्या बारा वर्षांखालच्या बॅचला मला हात हवाच आहे, सकाळी साडेसहाला. येताना वही आण.